पाटावरचा फोटो

मागल्या नरकचतुर्दशीची गोष्ट. आमचा सात वर्षांचा नातू पहाटे उघडाबंब पाटावर बसला होता. अंगभर उटणे, डोळे झोपेने मिटलेले. आजी त्याच्या डोक्यावर तेल थापत होती. दृश्य मोठे गोजिरवाणे. मी फोनवर फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर धाडून मोकळा झालो. फराळाच्या वेळी सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, तो फोटो काढून टाकता का?" मी हसण्यावारी नेले. म्हटले, आमच्या वेळी असले फोटो दिवाणखान्यात टांगीत असत. त्यावर नातूच म्हणाला, "पण आजोबा, मला कुठे विचारलंत?" चकलीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

टांगीत असत हे खोटे नाही. माझा सहाव्या महिन्यातला फोटो अजून आहे: स्टुडिओतल्या गालिच्यावर पालथा, आणि वस्त्र म्हणाल तर कमरेचा करगोटा. आईने तो आल्यागेल्याला दाखवला. लग्न ठरल्यावर माझ्या सासऱ्यांनाही दाखवला! उघडे अंग आपल्याला नवे नव्हतेच. नदीच्या घाटावर पंचा नेसून नाहणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नसे. पण घाटावरच्या माणसाला आपल्याला कोण पाहते आहे ते समोर दिसत असे. कॅमेऱ्याने नेमकी हीच खातरी काढून घेतली.

हे प्रथम ध्यानात आले ते अमेरिकेत. १८८८ साली हातात मावणारा कोडक कॅमेरा बाजारात आला आणि कोणीही कोणाचाही फोटो टिपू लागला. दोनच वर्षांनी वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोघा वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. त्यात अशा झटपट छायाचित्रांबद्दलची तक्रार होती. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या एका तरुण मुलीची तसबीर एका पिठाच्या कंपनीने तिला न विचारता जाहिरातीवर छापली. चित्रात ती अंगभर कपड्यांत होती. तरी ती कोर्टात गेली आणि १९०२ साली हरली. लोक मात्र इतके खवळले की दुसऱ्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: लेखी संमतीवाचून कोणाचे चित्र व्यापारासाठी वापरायचे नाही.

आता आपल्या मुंबईत या. १९२७ च्या जुलैत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या कार्यापायी नोकरी सोडावी लागलेले. मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. नग्नतेत वाईट काही नाही, वाईट असते ते पाहणाऱ्याच्या मनात, हा त्यांचा दावा. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत त्याचे चार अंक निघाले. चारांचीही मुखपृष्ठे फाडलेली! आजोबांनी फाडली की आजीने, हे घरात कधी ठरले नाही. कर्व्यांवर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी दंड झालाच. १९५३ साली कर्वे गेले आणि मासिकही थांबले.

कर्व्यांच्या धैर्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो हे सारे लिहूनही उणा होत नाही. पण त्या चार अंकांपाशी बसलो असता एक गोष्ट मला टोचली. निंदकांनी विचारले, हे पाहून तरुण बिघडतील का? कर्व्यांनी उत्तर दिले, बिघडणार नाहीत. दोघांचीही नजर पाहणाऱ्यावर. चित्रातली बाई कोण, मराठी घरांत आपण अशा दिसणार हे तिला ठाऊक होते का, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

कायद्याचीही तीच तऱ्हा. मजकूर ज्याच्या हाती पडेल त्याचे मन बिघडेल का, ही १८६८ सालची इंग्रजी कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली उचलून धरली आणि २०१४ साली टाकून दिली. त्या वेळी प्रश्न होता टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांच्या विवस्त्र छायाचित्राचा. वर्णद्वेषाविरुद्धचे ते चित्र अश्लील नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. दोघांनी ते आपखुशीने काढू दिले होते, हे विसरू नये.

चित्रातल्या माणसाकडे आपला कायदा वळला तो अलीकडे. २००८ साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६-ई आले: संमतीवाचून कोणाच्या गुह्य अंगाचे चित्र काढणे वा पसरवणे हा गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. २०१३ साली स्त्रियांपुरती आणखी एक बारीक गोष्ट दंडविधानात शिरली आणि २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही ती कायम आहे. स्त्रीने चित्र काढू दिले, तरी ते इतरांना दाखवायला तिचा होकार नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार. काढू देणे निराळे, वाटू देणे निराळे. माझ्या आईला, आणि खरे सांगायचे तर मलाही, हा भेद कधी सुचला नव्हता.

त्या दिवशी मी ग्रुपवरून फोटो काढला. पण तोवर माझ्या एका मावसभावाने तो स्वतःच्या फोनात उतरवून आणखी दोघांना पाठवला होता. ऐन दिवाळीत तिघांना फोन करून, "तेवढा पुसून टाका हो," अशी विनवणी करीत बसलो. दोघांनी पुसला. तिसरे म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं!" त्यांनी पुसला की नाही, देव जाणे.

यंदासाठी नातवाने अट घातली आहे. फोटो काढायचा तो नवे कपडे घातल्यावर, आणि पाठवण्याआधी त्याला दाखवून. माझा गालिच्यावरचा फोटोही त्याने निरखून पाहिला. "हा राहू दे का भिंतीवर?" त्याने मला विचारले. मी अजून उत्तर दिलेले नाही.