उणे तारीख ही चूक नव्हे

यवतमाळात १ जानेवारी १९७० रोजी पहाटे तीनला जन्मलेले मूल संगणकाच्या हिशेबात उणे ९,००० सेकंदांवर जन्मते. युनिक्सचा काळ ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू होतो आणि तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात.

तरीही डेटाबेस सांभाळणाऱ्यांत एक मत घट्ट रुजले आहे: तारीख उणे असूच शकत नाही, तसा आकडा आला तर तो कचरा, तेव्हा फेटाळा किंवा शून्य धरा. हा पूर्वपक्ष अगदीच बिनबुडाचा नाही, कारण उणे आकडा पुष्कळदा खरोखरच कुणाच्या तरी गफलतीतून आलेला असतो. मायएसक्यूएलची वागणूकही त्याला साजेशीच आहे. तिथला टाइमस्टॅम्प १९७० च्या मागे जात नाही. उणे सेकंदांची तारीख करायला सांगितली तर नल मिळते, आणि जुन्या तारखेचे सेकंद मागितले तर चक्क शून्य.

या शून्यापाशीच पूर्वपक्ष मोडतो. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १ जुलै १९१३ ला जन्मले. ही तारीख सेकंदांत नेऊन परत आणली की पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच असा जन्म उमटतो. त्या दिवशी नाईक मुख्यमंत्रिपदाच्या सातव्या वर्षात होते! नल निदान 'ठाऊक नाही' म्हणते. शून्य बिनदिक्कत खोटे बोलते, तेही वाचणाऱ्याला संशय येऊ न देता. खरा आकडा उणे २०,६३८ दिवस. १ जानेवारी १९७० मधून तेवढे दिवस वजा करायला सांगा, हेच मायएसक्यूएल बिनचूक उत्तर देते. मग दोष तारखेचा कसा?

नुसती उणे चिन्हाला मोकळीक देऊन मात्र भागत नाही. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, म्हणजे उणे २,८१,९३,१८,४०० सेकंद. ३२ बिटांचा पूर्णांक डिसेंबर १९०१ मध्येच संपतो; इथे ६४ बिट लागतात. शिवाय भागाकाराची खोच आहे. उणे १ सेकंदाला ८६,४०० ने भागले की सी भाषा शून्याकडे वळते: दिवस शून्य, बाकी उणे १. मग सेकंदांच्या घरात उणे चिन्ह छापले जाते. भागाकार खालच्या पूर्णांकाकडे नेला तर दिवस उणे १, बाकी ८६,३९९, आणि ग्रिनिचची ३१ डिसेंबर १९६९, २३:५९:५९ ही वेळ नीट उमटते. तारीख ठाऊक नसली की उणे १ भरून ठेवणाऱ्यांनीही ही वेळ ध्यानात घ्यावी.

राहिला कचऱ्याचा आक्षेप. तो गाळायची चाळणी चिन्हाची नव्हे, विषयाची हवी. आज पीककर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याची जन्मतारीख १८८० ची असेल तर जरूर अडवा, १९५२ ची अडवू नका; दोन्ही उणेच आहेत. जुन्या फेरफाराच्या नोंदीला मात्र १८८० सुद्धा चालायलाच हवे.