जॉन्स्टन, जिमी
जॉन्स्टन, जिमी : (३० सप्टेंबर १९४४ – १३ मार्च २००६). ग्लासगोच्या सेल्टिक संघाचा विख्यात स्कॉटिश फुटबॉलपटू. त्याचा जन्म लॅनर्कशर परगण्यातील व्ह्यूपार्क येथे झाला. स्टॅन्ली मॅथ्यूझच्या खेळाने भारून गेलेला हा ठेंगणा, तांबूस केसांचा मुलगा दुधाच्या बाटल्या मांडून त्यांच्यामधून चेंडू खेळवण्याची तालीम करी. १९६१ मध्ये तो सेल्टिकमध्ये दाखल झाला. मार्च १९६३ मधील त्याच्या पदार्पणाच्या सामन्यात मात्र किल्मार्नकने सेल्टिकचा ६–० असा पराभव केला.

उजव्या बगलेवरून धावताना खांद्याची एक हूल देऊन प्रतिस्पर्ध्याला भलत्याच दिशेस पाठवावे, तो सावरून आला की पुन्हा चकवावे आणि बचावफळी विस्कळीत झाल्यावर चेंडू सहकाऱ्याच्या स्वाधीन करावा, अशी त्याची रीत असे. या नागमोडी चालीवरूनच त्याला ‘जिंकी’ हे नाव पडले. त्याच्या कौशल्याची इयत्ता केवळ त्याच्या गोलांच्या संख्येवरून ठरविणे अन्यायाचे होईल. व्यवस्थापक जॉक स्टीन याच्या अमदानीत सेल्टिकने २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे इंटर मिलानला २–१ असे नमवून युरोपीय चषक पटकावला, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट युरोपीय खेळाडूच्या निवडीत जॉन्स्टनला तिसरा क्रमांक मिळाला.

विमानप्रवासाची त्याला विलक्षण धास्ती वाटे. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टार संघाशी ग्लासगोत झालेल्या सामन्यात मध्यंतरास १–१ अशी बरोबरी असता, चार गोलांच्या फरकाने विजय मिळाल्यास परतीच्या सामन्यासाठी बेलग्रेडला येण्यापासून माफी देण्याचे वचन स्टीनने त्याला दिले. उत्तरार्धात जॉन्स्टनने जो खेळ केला त्याला तोड नव्हती; स्वतः दोन गोल करून आणि इतरांना संधी निर्माण करून देऊन त्याने सामना ५–१ असा जिंकून दिला व ती माफी पदरात पाडून घेतली. एप्रिल १९७० मध्ये हॅम्पडन पार्कवर १,३६,५०५ प्रेक्षकांसमोर लीड्स युनायटेडशी खेळताना इंग्लंडचा नामांकित बचावपटू टेरी कूपर यालाही त्याने असेच हतबल केले.

स्कॉटलंडतर्फे तो अवघे २३ सामने खेळला. एवढ्या गुणी खेळाडूच्या मानाने ही संख्या फारच अपुरी आहे. १९७५ मध्ये सेल्टिक सोडल्यावर सॅन होजे, शेफील्ड युनायटेड, डंडी इत्यादी संघांत त्याने काही काळ काढला. २००१ मध्ये त्याला स्नायूंवरील ताबा हिरावून घेणारी मोटर न्यूरॉन व्याधी जडल्याचे निदान झाले. पुढील वर्षी सेल्टिकच्या चाहत्यांनी त्याची संघाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून निवड केली.