खर्जाचा सूर

मागच्या वर्षी आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे एक छोटासा अर्ज आला. गायकवृंदातील तरुणांना बेस गिटारसाठी ॲम्प्लिफायर हवा होता. अर्ज वाचून होताच एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “फादर, साधी गिटार आहे, कीबोर्ड आहे, मग ह्या चार तारांच्या गिटारीचे काम तरी काय? तिचा आवाज आला नाही तर ती हवी कुणाला, आणि आला तर मिस्सा ऐकू यायची कशी?” सभेत हशा पिकला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. मी मात्र त्या प्रश्नात अडकून पडलो. सेमिनरीत असताना ऑर्गनवर बोटे फिरवण्याइतपत संगीत आमच्या वाट्याला आले होते, त्या शिदोरीवर मी ह्या वाद्याचा मागोवा घेऊ लागलो. तेव्हा ध्यानी आले की, आमच्या त्या सभासदांनी विनोदाने जे विचारले, त्याच एका प्रश्नाभोवती ह्या वाद्याचा सारा इतिहास फिरत आला आहे. खर्ज ऐकू तर यायला हवा, पण त्याने कुणाला झाकून टाकता कामा नये.

हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील चर्चमध्ये ‘सर्पाँ’ नावाचे एक फुंकवाद्य आले. नागासारखे वळसे घेतलेली, कातड्याने मढवलेली लाकडी नळी. परंपरा त्याचे श्रेय ओसेर येथील कॅनन एदमे गियोम यांना देते. काम एकच, ग्रेगोरियन गायन करणाऱ्यांच्या आवाजाला खालून आधार देणे. पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ते वाजत राहिले. जेथे मोठा ऑर्गन होता तेथे हेच काम पायपट्ट्यांवरच्या नळ्या करीत. सोळा फूट लांबीची उघडी नळी सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा स्वर देते. बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. म्हणजे ही गिटार आणि ऑर्गनची ती भलीमोठी नळी जवळपास एकाच अंगणातली. फरक इतकाच की, एकीला सोळा फूट जागा लागते आणि दुसरी गळ्यात अडकवता येते. ही किमया कशी घडली?

त्यासाठी अमेरिकेत जावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील नृत्यवृंदांतून आणि जॅझ मंडळींतून खर्जाची जबाबदारी डबल बेसवर होती. पुरुषभर उंचीचे हे तंतुवाद्य उभ्यानेच वाजवावे लागे. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोल एकदम सुरू झाले की ते बिचारे त्यात बुडून जाई. शिवाय ते न्यायचे कसे? सिअ‍ॅटल येथील संगीतशिक्षक पॉल टुटमार्क यांच्या मुलाने पुढे सांगितले की, बाकीचे वादक मिळून एका मोटारीने जात, पण डबल बेसवाल्याला वाद्यानेच गाडी भरल्यामुळे एकट्याने प्रवास करावा लागे, हे पाहून वडिलांना त्याची दया आली. टुटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास गिटारीसारखा आडवा धरावयाचा, पडदे असलेला, भरीव लाकडाचा विजेचा बेस तयार केला आणि ‘ऑडिओव्हॉक्स’ या नावाने विकला. आज ज्याला आपण बेस गिटार म्हणतो तिचे हे पहिले रूप. तथापि त्याचा खप फारसा झाला नाही आणि तो विस्मरणात गेला. चांगली कल्पना वेळेआधी जन्माला आली की तिची अशी उपेक्षा होते.

येथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे. मानवी कान सर्व स्वर सारख्याच न्यायाने ऐकत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखविले की, खालचे स्वर वरच्या स्वरांइतकेच मोठे वाटावेत यासाठी ते पुष्कळ अधिक जोराने वाजवावे लागतात. दुसरे म्हणजे, आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी वीज सुमारे दहापट खर्ची पडते. तिसरी अडचण स्पीकरची. त्याचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पाठ उघडी असली की दोन्ही लाटा कडेने भेटून एकमेकींना मारतात, आणि त्यात सर्वप्रथम बळी जातो तो खर्जाचाच. म्हणून गिटारीच्या उघड्या पाठीच्या ॲम्प्लिफायरवर बेस वाजवला तर स्वराऐवजी फडफड ऐकू येते आणि कधी कधी शंकूच फाटतो. आमच्या मुलांनी नेमके हेच केले होते, हे मला मागाहून कळले. असो.

ह्या तिन्ही अडचणींशी झुंज देणारा माणूस वादक नव्हता. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर (१९०९–१९९१) यांना गिटार वाजविता येत नव्हती. बालपणीच त्यांचा एक डोळा गेला होता. पण त्यांना ऐकून घेण्याची कला साधली होती. वादक काय कुरकुर करतात हे ते मन लावून ऐकत. १९५१ च्या शरदात त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. किंमत १९९ डॉलर ५० सेंट. डबल बेसच्या तारेची कंपन पावणारी लांबी साधारण ४२ इंच असते, फेंडर यांनी ती ३४ इंचांवर आणली. धड भरीव लाकडाचे, कारण पोकळ वाद्य ॲम्प्लिफायरजवळ नेले की किंचाळू लागते. तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज उपजते, लाकडाने गुंजण्याची गरजच उरत नाही. वरच्या बाजूला धडाला लांब शिंग काढले, ते शोभेसाठी नव्हे, तर पट्ट्यावर वाद्याचा तोल राहावा म्हणून. दांडीवर पडदे असल्यामुळे सूर चुकण्याची धास्ती नाही. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता, हे नाव त्यावरूनच पडले. साधी गिटार येणाऱ्यालाही आता खर्ज धरता येऊ लागला. डबल बेसवर आयुष्य घालविलेल्या मंडळींना हे रुचले नाही, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असे मला वाटत नाही. जे सूर त्यांनी वर्षानुवर्षांच्या तपाने कमावले, ते आता कारखान्यात धातूच्या पट्ट्या ठोकून मिळू लागले होते.

लायनेल हॅम्पटन यांच्या वाद्यवृंदाने हे वाद्य लवकर स्वीकारले. प्रथम रॉय जॉन्सन आणि नंतर मंक माँटगोमेरी यांनी ते तेथे वाजविले. १९५२ मध्ये समीक्षक लेनर्ड फेदर यांनी लिहिले की, मंचावर डबल बेस दिसेना तेव्हा ह्या वृंदात खर्जवादकच नाही असे त्यांना वाटले. पण खर्ज तर स्पष्ट ऐकू येत होता! त्याच वर्षी फेंडर यांनी पंधरा इंची स्पीकर असलेला ‘बासमन’ हा ॲम्प्लिफायर खास ह्या वाद्यासाठी काढला. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले. गंमत अशी की, हा ॲम्प्लिफायर बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच अधिक मानवला, आणि लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आपला प्रसिद्ध गिटार ॲम्प्लिफायर त्याच्याच आराखड्यावर बेतला. रॉक संगीताचा कर्कश म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो तो आवाज खर्जाच्या घरातून बाहेर पडला!

ह्या काळातील दुसरे नाव एव्हरेट हल यांचे. हे स्वतः डबल बेस वाजवीत. वाद्य ज्या खुंटीवर जमिनीला टेकते त्या खुंटीत त्यांनी मायक्रोफोन बसविला आणि त्यावरून आपल्या कंपनीचे नाव ‘ॲम्पेग’ ठेवले. हल यांचा कटाक्ष स्वच्छ, न फाटलेल्या आवाजावर होता आणि रॉक संगीताची त्यांना नावड होती. त्यांच्याकडील जेस ऑलिव्हर यांनी १९६० मध्ये ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ सिद्ध केला. त्यात स्पीकरची पाठ बंद, खोक्यातील हवेलाच कामाला लावणारे मापाचे भोक, आणि काम संपले की वरचा ॲम्प्लिफायर उलटा करून खोक्यातच बंद करण्याची सोय. शक्ती अवघी २५ वॅट. तरीही ध्वनिमुद्रणगृहांतून दीर्घकाळ त्याची बरोबरी कुणी केली नाही. मग मैफली मैदानांत गेल्या. हल कंपनीतून गेल्यावर, १९६९ मध्ये त्याच ॲम्पेगने ‘एस.व्ही.टी.’ हा चौदा व्हॉल्व्हचा, ३०० वॅटचा अजस्र ॲम्प्लिफायर रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यासाठी दिला. आता वरचा हिशेब आठवा. २५ वॅटचे ३०० वॅट झाले, म्हणजे नुसत्या शक्तीच्या मापाने आवाज कानाला दुपटीहून थोडाच अधिक! आणि तेवढ्यासाठी ते धूड उचलायला दोन धडधाकट माणसे हवीत. आज दोन-तीन किलो वजनाचे ॲम्प्लिफायर त्याहून अधिक शक्ती देतात, तरी जुने वादक व्हॉल्व्हच्या उबदार आवाजाची आठवण काढतातच.

वादकांच्या आवडीनिवडींना तर अंत नाही. सपाट गुंडाळीच्या तारा की गोल गुंडाळीच्या, एक पिकअप की दोन, पडदे हवेत की नकोत, यावर ही मंडळी रात्री जागवतील. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्ग येथे व्हायोलिनच्या आकाराची जर्मन हॉफनर घेतली, कारण ती स्वस्त होती आणि दोन्ही अंगांनी सारखी असल्याने डावखुऱ्या माणसाच्या हातात विचित्र दिसत नसे. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि अर्धशतकानंतर त्यांना परत मिळाली. ही बातमी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लोरिडातील जॅको पास्टोरियस यांचा जन्म १९५१ चा, प्रिसिजन बेसचाच समवयस्क. विल्टन मॅनर्स येथील सेंट क्लेमंट चर्चमध्ये ते वेदीसेवक होते. त्यांनी आपल्या फेंडर ‘जॅझ बेस’चे पडदे उपटून काढले, खाचा लाकडाच्या लुकणाने भरल्या आणि होड्यांना लावतात तसला राळेचा लेप दांडीवर दिला. तेव्हा तो खर्ज माणसासारखा गाऊ लागला. फेंडर यांनी जी अचूकता दिली तीच त्यांनी काढून टाकली! १९८७ मध्ये त्याच गावात, एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

परंतु हा सारा शोध घेताना माझ्या मनात घर केले ते जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) यांनी. जन्म साऊथ कॅरोलिनातील, आई डेट्रॉइटला कामासाठी गेली म्हणून तेही तेथे गेले. शाळेत डबल बेस शिकले. पुढे फेंडर हाती आली तरी उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तारा छेडण्याची सवय सुटली नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत ते वाजवू लागले. १९६२ ची एक प्रिसिजन बेस, सपाट गुंडाळीच्या जाड तारा आणि घोडीवरच्या झाकणाखाली दाबलेला स्पंजाचा तुकडा. तारा ते तुटल्याशिवाय बदलीत नसत. क्लबमध्ये त्यांच्यासोबत ॲम्पेगचा तो बी-१५ असे. ध्वनिमुद्रणात मात्र गिटार ॲम्प्लिफायरविना थेट यंत्राला जोडली जाई. इतकीच सामग्री. पण मोटाउनची जी गाणी जगाने डोक्यावर घेतली त्यांपैकी कितीतरी गाण्यांच्या तळाशी ते एक बोट आहे. तबकड्यांवर गायकांची नावे छापली जात, वादकांची नाहीत. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या तबकडीवर ती प्रथमच ठळकपणे आली, तोवर जेमर्सन यांची उमेदीची वर्षे सरत आली होती. पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली, काम आटले, मद्याने शरीर पोखरले. १९८३ च्या मार्च महिन्यात मोटाउनचा पंचविसावा वाढदिवस पॅसाडेना येथे थाटात साजरा झाला, तेव्हा जेमर्सन यांनी काळ्या बाजारात तिकीट विकत घेतले आणि वरच्या सज्जात बसून तो सोहळा पाहिला. खाली त्यांचेच खर्ज दुसरे कुणी वाजवीत होते. त्याच सुमारास त्यांची ती गिटार चोरीला गेली. मॅकार्टनींसारखी ती त्यांना परत मिळाली नाही. २ ऑगस्ट रोजी ते निवर्तले. २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ‘साथीदार’ या वर्गात त्यांचे नाव आले.

ही कथा वाचताना मला आपल्या मुंबईची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. गोव्याच्या पॅरिश शाळांतून, मेस्त्रींच्या छडीखाली स्वरलेखन शिकून आलेल्या किती ख्रिस्ती वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला हात दिला! राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार होती. त्या तबकड्यांवरही गायक, कवी आणि संगीतकार यांचीच नावे सापडतात.

ख्रिस्तसभेने वाद्यांविषयी वेळोवेळी काय ठरविले हेही येथे सांगायला हवे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियेच्या सणाच्या दिवशी, दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्ये वर्ज्य केली. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र उपासनेला साजेशी व भाविकांच्या उन्नतीला साहाय्यक असतील अशी इतर वाद्येही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असे म्हटले. बेस गिटारचे नाव त्यात नाही. पण ‘सर्पाँ’चे तरी कुठे होते?

पुढच्या बैठकीत मी हे सारे थोडक्यात सांगितले आणि अर्ज मंजूर झाला. मुलांनी मोठा ॲम्प्लिफायर मागितला होता, आम्ही बंद पाठीचा लहान घेतला. पहिल्या रविवारी तो माडीवरच्या कोपऱ्यात ठेवला आणि सगळे चर्च घुमू लागले. कोपऱ्यातल्या दोन भिंती खर्ज वाढवतात हे आम्हांला ठाऊक नव्हते. तो हातभर पुढे ओढला, तरी एका विशिष्ट स्वराला माडीच्या फळ्या थरथरत आणि संत सिसिलियेच्या तसबिरीची काच वाजे. दुसऱ्या रविवारी मिस्सेच्या आधी, मागल्या बैठकीत प्रश्न विचारणारे आमचे ज्येष्ठ सभासद काठी टेकीत जिना चढून वर आले. त्यांच्या काखेत चौपदरी दुमडलेले गोणपाट होते. ते त्यांनी खोक्याखाली सरकविले, मुलाला तोच स्वर पुन्हा वाजवायला सांगितला, तसबिरीच्या काचेवर बोट ठेवून पाहिले, आणि काही न बोलता खाली आपल्या बाकावर जाऊन बसले.