अंजनगाव सुर्जी: तहाचं गाव आणि पाण्याची रेघ

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘सुर्जी अंजनगावचा तह’ त्याला पाठ असतो. ३० डिसेंबर १८०३. काही हिंदी पुस्तकांत तर आमच्या गावाचं ‘अर्जुनगाँव’ करून टाकलंय. पण हे गाव नकाशावर नेमकं कुठे, हे विचारलं की शांतता. म्हणून आजचा एपिसोड.

अमरावती जिल्ह्याचा वायव्य भाग. मधून शहानूर नदी, एका काठाला अंजनगाव, दुसऱ्या काठाला सुर्जी. उत्तरेला सातपुडा, वर मेळघाट, दक्षिणेला पूर्णेचं सपाट काळं खोरं. आता १८०३ चं शेवट बघा. सप्टेंबरात असईला शिंदे-भोसले हरले. २९ नोव्हेंबरला अडगावला, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यात, पुन्हा लढाई. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांनी भोसल्यांनी देवगावला तह केला, आणि महिनाअखेर दौलतराव शिंद्यांचा तह आमच्याकडे झाला. समोर होता ३४ वर्षांचा आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब सोडला, भडोच सोडलं, अहमदनगरचा किल्ला सोडला, दिल्लीच्या बादशहावरचा हक्क सोडला. दिल्ली कागदावर गेली ती सुर्जी अंजनगावात. विचार करा!

गंमत अशी की खुद्द वऱ्हाडाचं काय होणार, हे ठरलं देवगावच्या कागदात. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाकडे गेला. गाविलगड, नरनाळा आणि पायथ्याचा थोडा भाग तेवढा आणखी काही वर्षं भोसल्यांकडे राहिला. पुढे निजामावर इंग्रजी फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं आणि १८५३ ला त्याने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला, वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे आपला अख्खा प्रांत भाड्याने! घरमालक हैदराबादला, भाडेकरू कलकत्त्याला, आणि राबणारा शेतकरी इथं.

भाडेकरूला हवा होता कापूस. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडची रुई थांबली, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर वळली. पुढे अचलपूर ते मूर्तिजापूर नॅरोगेज आली, अंजनगाववरून. तीच आपली शकुंतला. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर, तिथून मुंबई बंदर. कापूस मँचेस्टरला जायचा आणि शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं. ते १९९४ पर्यंत चाललं. स्वातंत्र्यानंतरही ही लाइन खासगी ब्रिटिश कंपनीच्याच मालकीची होती, हे मला इंजिनिअरिंगला असताना कळलं आणि मी वेड्यासारखा हसलो. आता गाडी कित्येक वर्षं बंद आहे. रुळांवर काटेरी झुडपं.

पण माझं मत विचाराल तर या तालुक्याचा खरा इतिहास तहात नाही, विहिरीत आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेले दगड-गोटे, रेती. पाणी आत मुरतं आणि ते गोड असतं. म्हणून अंजनगावच्या भागात पानमळे झाले, केळी झाली, संत्रा झाला. आणि पानपिंपरी! त्रिकटू चूर्णात सुंठ, मिरे आणि पिंपळी असते ना, त्यातली पिंपळी. पानवेलीच्याच कुळातली. हिलाही सावली लागते, आधाराला झाड लागतं आणि सतत ओल लागते. हिरवी फळं तोडून वाळवली की काळपट पडतात, मग माल मोठ्या बाजारात. बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही शेती राखली. गुगलवर शोधून जमणारं काम नाही ते, वेल हाताने बांधावा लागतो.

आता थोडं दक्षिणेला, दर्यापूरच्या दिशेने चला. खारपाणपट्टा सुरू. माती तीच काळी, पण जमिनीखालचं पाणी खारट. ओलित करायला जावं तर मीठ वर येतं आणि जमीन चिघळते. म्हणून पावसावरचा कापूस, तूर, मूग, आणि ओलीवर हरभरा. पाऊस चुकला की वर्ष चुकलं.

माझी आजी खारपाणपट्ट्यातली. अंजनगावला सून म्हणून आली. ती सांगायची, तिच्या माहेरी डाळ शिजता शिजत नव्हती आणि चहाला चव नव्हती. तिच्या वडिलांनी स्थळ बघताना आबाजींच्या शेताबद्दल विचारलंच नाही. पहिला प्रश्न, “पानी गोड हाय का खारं?” गोड म्हटल्यावर बाकीची बोलणी दहा मिनिटांत.

आता शहानूरवर धरण आहे आणि तिथलं पाणी पाइपातून खारपाणपट्ट्यातल्या गावांना पोचतं, पिण्यापुरतं. शेताला नाही. आणि वरच्या गोड पट्ट्यात बोअर खोल खोल चाललेत. संत्र्याच्या एका बागेसाठी काका तीन बोअर मारून बसलेत. त्यांतल्या दोनांत धूळच आली. गेल्या दिवाळीत मी त्यांना म्हटलं, काका, पानपिंपरी लावा ना, भाव बरा असतो. ते म्हणाले, “लावतो ना बाबू, पानी तू पुण्याहून पाठवशीन का?”