पाथर्डीचा पेपर



गेल्या महिन्यात माहेरी तेलगावला गेले होते. रविवारी भाचीची धार्मिक परीक्षा होती. तिला घेऊन सकाळीच चौकात माजलगावच्या एसटीची वाट बघत उभे होते. तेरा वर्षांची पोर, तोंड फुगवलेलं. म्हणाली, "आत्या, शाळेच्या परीक्षा काय कमी आहेत? भगवान काय मार्क बघतात?"

मार्कांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग एसटीत तिला ही परीक्षा कुठून आली ते सांगत बसले. तेच इथे लिहिते आहे.

चिचोंडी हे पाथर्डी तालुक्यातलं गाव, आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारचं. तिथे १९०० साली नेमीचंद नावाचा मुलगा जन्मला. १९१३ मध्ये, म्हणजे भाचीच्याच वयात, त्याने मिरी गावी रत्नऋषीजी महाराजांकडे दीक्षा घेतली. तेच आपले आचार्य आनंदऋषीजी.

तेव्हा बीड निजामाकडे आणि पाथर्डी इंग्रजांकडे. शेजारी असून राज्यं वेगळी, नाणं वेगळं, मधे करोडगिरीचे नाके. निजामाच्या मुलखात वरचं शिक्षण उर्दूतून. मारवाडातून आलेली आपली घरं व्यापारासाठी पसरलेली, एका गावात दोन, दुसऱ्यात चार. साधू-साध्वी पायी विहार करणारे, एका ठिकाणी राहणार ते पावसाळ्याचे चार महिने, तेही मोठ्या गावात. मग लहान गावातल्या लेकरांना शिकवणार कोण? आया आणि आज्याच. सामायिकाचे पाठ अर्धमागधीत, पुस्तकं हिंदीत, घरात मारवाडी, दारात मराठी. पाठ कानाने घ्यायचा आणि तोंडाने पुढे द्यायचा. अर्थ विचारला तर "म्हण आधी" एवढंच उत्तर मिळायचं. मीही ते ऐकलं आहे!

आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९२३ मध्ये पाथर्डीत शिक्षणाचं काम सुरू झालं आणि १९३६ मध्ये धार्मिक परीक्षा बोर्ड निघालं. नाव तिलोक रत्न. तिलोकऋषीजी आणि रत्नऋषीजी, म्हणजे गुरूंचे गुरू आणि गुरू. मला यातली युक्ती फार आवडते. महाराज पोचू शकत नाहीत तिथे अभ्यासक्रम आणि पेपर पोचणार. पायऱ्या ठरलेल्या, पार शास्त्री आणि आचार्यपर्यंत. कितीतरी साध्वीजींच्या नावाआधी 'जैन सिद्धांताचार्य' लिहिलेलं वाचतो ना आपण, ते या वाटेनेच आलं. ज्या काळात मुलीला चौथीनंतर शाळेतून काढायचे, तेव्हाही ही पायरी तिच्यासाठी बंद नव्हती.

आमच्या दादीला अख्खं प्रतिक्रमण पाठ होतं, पण अक्षर ओळखत नव्हती. माझ्या पहिल्या पेपरला ती डबा सांभाळायला म्हणून आली. आम्ही पोरी जाजमावर ओळीने बसलेल्या. पंचवीस बोलांपैकी एक मला आठवेना. दारात बसलेल्या दादीचे ओठ हलायला लागले. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, "दादी, सांगायचं नाही हं!" सगळ्या हसल्या, दादी सोडून.

त्या हिवाळ्यात तिने माझी पाटी मागून घेतली. दुपारी दुकानातलं गिऱ्हाईक कमी झालं की सामायिकाचं पुस्तक उघडायची आणि पाठ असलेल्या ओळीवर बोट ठेवून अक्षर शोधायची. उलटा रस्ता, पण पोचली. आजोबा म्हणाले, "आता या वयात काय करायचंय?" दादीने उत्तर दिलं नाही. पुढच्या वर्षी ती माझ्या शेजारी पेपर लिहायला बसली. वेळ संपला तेव्हा निम्माच झाला होता. निकाल काय लागला ते तिने कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर अर्थ विचारायला ती थांबेना. 'मिच्छामि दुक्कडं' रोज म्हणते, माफी नेमकी कोणाची मागते, हे तिने एका साध्वीजींना भर व्याख्यानानंतर विचारलं होतं.

माजलगावला पोचलो. भाचीच्या बाजूला धारूरची एक मुलगी बसली. पेपर सुटल्यावर दोघी उत्तरं जुळवत होत्या. मग जेवण झालं, दाल-बाटी, गट्ट्याची भाजी आणि आपल्याकडची ज्वारीची भाकरी. बायकांच्या पंगतीत दोन सोयरिकींची बोलणी निघालीच, ती कधी निघत नाहीत! मुलींनी मात्र सगळ्यांना एकत्र बसवून प्रतिक्रमणाच्या सहा आवश्यकांची नावं कोण आधी सांगतं असा खेळ लावला. मी चौथ्यावर अडकले. भाची जिंकली आणि धारूरची रुसली. एसटी यायच्या आत समेट झाला.

परतताना भाचीने विचारलं, "पणजीचं ते पुस्तक आहे का अजून?"

कपाटावरच्या पेटीत होतं, मुहपत्ती आणि पुंजणीच्या खाली. आतल्या कोऱ्या पानावर दादीने आपलं नाव लिहिलेलं, चार वेळा. पहिल्या तिन्हींत वेलांटी उलटी आहे.