नांगराच्या तासात रुजलेली शाळा

सातारा-सांगलीतल्या शाळांचा माग काढत मागे गेलो की वाट लोखंडी नांगरापाशी पोहोचते.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा 32 एकर माळ आणि बिनव्याजी 10,000 रुपये दिले. 1910 साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कामगार आले, त्यांच्यामागे बायकापोरे आली. कारखान्यापाठोपाठ घरे झाली, शाळाही आली. जिथे कारखाना, तिथे पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहतोच.

साताऱ्यात मात्र या प्रश्नाचे उत्तर मालकाकडून आले नाही. ते नांगर विकणाऱ्याकडून आले. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे तेव्हा शेतकरी म्हणत. त्यांची समजूत घालायला त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस हवा होता. किर्लोस्करांना तो भाऊराव पाटलांत मिळाला. नांगर घेऊन गावोगाव फिरताना, ज्याला नांगर विकायचा त्याच्या घरात अक्षर नाही, हे भाऊरावांनी रोज पाहिले. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातल्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. पण 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघाले आणि सगळे आयुष्य तिकडेच वळले. सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तिथली मुले श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ याचे मूळ इथे आहे.

आज या दोन जिल्ह्यांत साखर कारखान्यांची धुराडी आहेत. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरे फडाच्या कडेला कोपीत राहतात. धाकट्या भावंडाला सांभाळण्यात त्यांची शाळा बुडते. भाऊरावांनी शाळेत आणली ती अशीच, कष्टकऱ्यांची पोरे. तेव्हा कारखान्याचा बॉयलर पेटेल त्या दिवशी या पोरांच्या शाळेची घंटाही वाजली पाहिजे. एवढे देणे हा मुलूख लागतो.