ग्रीन बेविरुद्धचे विक्रम

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय अमेरिकेतल्या फुटबॉलचा आहे, म्हणजे मेस्सीचा नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन धावतात, तो. नियम मलाही सगळे तोंडपाठ नाहीत. पण या लेखापुरतं एवढं पुरे: मैदान १०० यार्डांचं, चेंडू समोरच्याच्या हद्दीपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. चेंडू फेकून किंवा पळवत नेता येतो. फेकणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक. साखळी सामने संपले की बाद फेरी, तिला प्लेऑफ म्हणतात. तिथे हरला तो घरी.

या खेळात आकडे ठेवायची भारी हौस. संघांच्या नोंदवह्यांत स्वतःच्या विक्रमांसोबत आणखी एक भाग असतो, प्रतिस्पर्ध्यांनी आपल्याविरुद्ध केलेले विक्रम. कोण आपल्यासमोर सर्वांत जास्त धावला, कोणी आपल्यावर सर्वाधिक टचडाउन केले, सगळं तारखेनिशी. मी वीसेक वर्षं गावातल्या संस्थांच्या वार्षिक सभांना जातोय. तिथल्या अहवालात पहिली दहा पानं हारतुऱ्यांचे फोटो आणि तोटा कुठेतरी परिशिष्टात, बारीक टायपात. त्यामुळे ‘आमची जिरवणाऱ्यांची यादी’ कुणी छापून ठेवतं हेच मला आधी खरं वाटेना.

हे सगळ्यात गमतीशीर होतं ते ग्रीन बे पॅकर्सच्या बाबतीत. कारण हा संघ कुण्या शेठजीचा नाही, गावाचा आहे. विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्तीचं शहर, आपल्या तालुक्याच्या मोठ्या गावासारखं. १९१९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ‘प्रेस-गॅझेट’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत बैठक झाली आणि संघ उभा राहिला. उभा करणारे दोघे. एक कर्ली लॅम्बो, मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला. कंपनीने गणवेशाला ५०० डॉलर दिले म्हणून नाव पॅकर्स. दुसरा जॉर्ज कॅल्हून, त्याच वर्तमानपत्राचा क्रीडा संपादक. सुरुवातीला तिकीट नव्हतं, सामना चालू असताना हा कॅल्हून टोपी फिरवून पैसे गोळा करायचा. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्याच्याविषयी जरा जास्तच आपुलकी आहे.

१९२३ मध्ये गावकऱ्यांना ५ डॉलरचे शेअर विकून संघाची ना-नफा कंपनी झाली. आज भागधारक ५ लाखांच्या वर आहेत. लाभांश शून्य, शेअर बाजारात विकता येत नाही. आपल्याकडच्या सहकारी कारखान्याचा सभासद दिवाळीला निदान सवलतीची साखर तरी घरी आणतो, यांना फक्त प्रमाणपत्र आणि वार्षिक सभेचं आमंत्रण. तरी या संघाच्या नावावर १३ अजिंक्यपदं आहेत, लीगमध्ये सर्वाधिक.

आता त्या दुसऱ्या यादीकडे येऊ. फक्त प्लेऑफमधली, पॅकर्सविरुद्धची.

पहिलं नाव टेरेल डेव्हिस. २५ जानेवारी १९९८, सॅन डिएगो, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. पॅकर्स गतविजेते, सट्टेबाजांच्या हिशेबात स्पष्ट वरचढ. समोर डेन्व्हर. डेव्हिसला पहिल्या सत्रातच अर्धशिशी उठली, डोळ्यांपुढे अंधारी. दिसत नसतानाही प्रशिक्षकाने त्याला एका चालीसाठी मैदानात उभं केलं, नुसतं हूल द्यायला. दुसरं सत्र जवळपास बाहेर बसून काढलं. मध्यंतरानंतर औषधाने बरं वाटलं, आणि शेवटी हिशेब झाला १५७ यार्ड नि धावून ३ टचडाउन. सुपर बोलमध्ये असे ३ टचडाउन आधी कोणी केले नव्हते. डेन्व्हर ३१-२४ ने जिंकलं.

यातला तिसरा टचडाउन नीट बघा. सामन्याला पावणेदोन मिनिटं उरलेली, गुण बरोबरीत. पॅकर्सचे प्रशिक्षक माइक होल्मग्रेन यांनी ठरवलं, याला जाऊ द्या, आपल्याला चेंडू लवकर मिळेल, वेळ उरेल. म्हणजे विक्रमातला एक तृतीयांश भाग ग्रीन बेने हाताने वाढून दिला! वर होल्मग्रेन यांची चाल मोजण्यातच चूक झाली होती, ती पहिली खेळी आहे असं ते समजले, होती दुसरी. त्यांनी नंतर तसं सांगितलंही. विक्रमाच्या रकान्यात यातलं काही येत नाही. तिथे फक्त ‘डेव्हिस, ३’. पुढे २०२३ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या जेलन हर्ट्सने ३ ची बरोबरी केली, आणि त्याचा संघ हरला. विक्रम आणि विजय यांचं लग्न लागलेलं नसतं.

दुसरं नाव माझं आवडतं, कर्ट वॉर्नर. १० जानेवारी २०१०, ॲरिझोना. पॅकर्सचा बचाव त्या मोसमात लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी, त्यांच्या चार्ल्स वुडसनला वर्षातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून निवडलेलं. अशा बचावासमोर ३८ वर्षांच्या वॉर्नरने ३३ वेळा चेंडू फेकला, २९ फेकी अचूक, ३७९ यार्ड, ५ टचडाउन. फुकट गेलेल्या फेकी ४, टचडाउन ५! पॅकर्सचा ॲरन रॉजर्सही कमी नव्हता, चारशेच्या वर यार्ड आणि ४ टचडाउन. निकाल ज्यादा वेळेत ५१-४५, ॲरिझोना. दोघांचे मिळून ९६ गुण, प्लेऑफच्या इतिहासात सर्वाधिक.

आता ही गंमत ऐका. १९९४ मध्ये हाच वॉर्नर पॅकर्सच्या सराव शिबिरात होता. संघाने मोसमाआधीच त्याला नारळ दिला. मग तो आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलरवर. अर्थात त्या वेळी पॅकर्सकडे ब्रेट फार्व्ह होता, त्यामुळे वॉर्नरला घालवणाऱ्याला मी तरी मूर्ख म्हणणार नाही. पण सोळा वर्षांनी हिशेब आला तो असा.

तिसरा कॉलिन केपर्निक. १२ जानेवारी २०१३, सॅन फ्रान्सिस्को. हाच तो, ज्याने २०१६ मध्ये वंशभेदाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकवला आणि ज्याला पुढे कुठल्याच संघाने घेतलं नाही. पण त्या रात्री तो नवखा होता, त्याचा हा पहिलाच प्लेऑफ सामना. सुरुवातीलाच त्याची फेक पॅकर्सने अडवली आणि थेट टचडाउन केला. गडी डगमगला नाही. क्वार्टरबॅकचं मुख्य काम फेकायचं, पण हा १६ वेळा पळाला आणि १८१ यार्ड काढले. प्लेऑफमधला आधीचा क्वार्टरबॅकचा विक्रम ११९ चा होता, साखळी सामन्यांतला १७३ चा. दोन्ही मोडले. सॅन फ्रान्सिस्को ४५-३१.

केपर्निक जन्मला विस्कॉन्सिनमधल्याच मिलवॉकीत. चार वर्षांचा असताना कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं. लहानपणी तो पॅकर्सचा चाहता होता. चौथीत असताना त्याने मोठेपणाविषयी पत्र लिहिलं होतं, त्यात आपण सॅन फ्रान्सिस्कोकडून किंवा पॅकर्सकडून खेळू अशी आशा आहे. उलट बाजूला पॅकर्सचा रॉजर्स उत्तर कॅलिफोर्नियातला, लहानपणी सॅन फ्रान्सिस्कोचा भक्त. २००५ मध्ये त्या संघाने त्याला सोडून दुसऱ्याला निवडलं. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. एजाज पटेल मुंबईत जन्मला, न्यूझीलंडला गेला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर येऊन भारताच्या एका डावात दहाच्या दहा बळी घेऊन गेला. वानखेडेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तो सामना आपण ३७२ धावांनी जिंकला, त्यामुळे टाळ्या वाजवणं सोपं होतं, हेही खरंच.

ग्रीन बेने टाळ्या वाजवल्या नाहीत, अभ्यास केला. केपर्निक फसवत होता तो असा: चेंडू शेजारच्याला द्यायचा की स्वतः पळायचं, हे तो समोरच्या एका बचावपटूची हालचाल बघून ऐनवेळी ठरवायचा. ही पद्धत महाविद्यालयीन फुटबॉलमधून आलेली. म्हणून पॅकर्सचे प्रशिक्षक सुट्टीत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये पुन्हा तोच संघ समोर. केपर्निकचं पळणं बंद झालं, अवघे २२ यार्ड. आणि त्याने फेकून काढले ४१२! एका भोकाला बूच लावलं, दुसरीकडून टाकी रिकामी. पुन्हा ३४-२८ असा पराभव. जानेवारी २०१४ मध्ये तो ग्रीन बेच्याच मैदानावर आला, कडाक्याच्या थंडीत परत ९८ यार्ड पळाला आणि २३-२० असा जिंकून गेला.

मला विचाराल तर या यादीचा खरा उपयोग इथे कळतो. स्वतःचे विक्रम सांगतात की आपल्याकडे कोण चांगलं होतं. समोरच्याचे विक्रम सांगतात की आपलं नेमकं कुठे फाटलंय. अट एकच, वाचून झाल्यावर नुसतं मागच्या वर्षीचं भोक बुजवत बसू नये.

ते ग्रीन बेला किती जमलं? १९ जानेवारी २०२०, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, उपांत्य सामना. पळणाऱ्याचं नाव रहीम मॉस्टर्ट. निवड प्रक्रियेत कोणी न घेतलेला, सहा संघांनी काढून टाकलेला. त्या सगळ्या तारखा तो फोनमध्ये लिहून ठेवायचा आणि सामन्याआधी वाचायचा. त्या दिवशी २९ वेळा पळाला, २२० यार्ड, ४ टचडाउन. एकाच प्लेऑफ सामन्यात धावून २०० यार्ड आणि ४ टचडाउन हे दोन्ही करणारा इतिहासातला पहिला. यार्डांत त्याच्या पुढे फक्त एरिक डिकरसन, १९८६ च्या जानेवारीतले २४८. मध्यंतराला २७-०, शेवटी ३७-२०. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्वार्टरबॅकने संपूर्ण सामन्यात चेंडू फेकला फक्त ८ वेळा. गरजच पडली नाही. सगळ्या स्टेडियमला माहीत होतं की आता पळणार, आणि तरी थांबवता येत नव्हतं.

बचावाचे प्रशिक्षक माइक पेटिन यांना संघाने आणखी एक मोसम ठेवलं, मग करार वाढवला नाही.

आणि २२ जानेवारी २०२२. ग्रीन बेचं मैदान, बर्फ, तोच प्रतिस्पर्धी. या वेळी बचाव असा खेळला की सॅन फ्रान्सिस्कोच्या आक्रमणाला एकही टचडाउन करता आला नाही, क्वार्टरबॅक १३१ यार्डांवर अडला. वहीत लिहावं असं समोरच्या कुणाचंच काही नाही. शेवटच्या पाच मिनिटांत पॅकर्सची लाथ मारून चेंडू दूर धाडण्याची चाल अडवली गेली, तो चेंडू उचलून टचडाउन झाला. मग घड्याळ संपता संपता रॉबी गोल्डने ४५ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. १३-१०, ग्रीन बे बाहेर.